सोलापूरचा पूर्व भाग: जाणकारांनी भर घालावी

सोलापूर म्हटलं की लोक सिद्धेश्वर तलाव आणि शेंगाचटणीपाशीच थांबतात. कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर हा पूर्व भाग मात्र मागावर आणि विडीवर उभा राहिला. तिथलं काम कसं चालतं, कुठे बिघडतं, ते लिहा. आठवणींपेक्षा तपशील हवेत.

पेठकर: १८७७ ची जुनी मिल सगळ्यांना माहीत असते, पण पूर्व भागाचं श्रेय नुसतं गिरण्यांना देऊ नका. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरातच हातमाग मांडले, पुढे यंत्रमाग आले. घरात तेलुगू, व्यवहारात मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. त्या दिवशी माल मिळेल असं धरून ऑर्डर घेऊ नये.

जेकार्डवाला: चादर ओळखायची तर उलटून बघा. दोन थर एकदम विणले जातात आणि नक्षीच्या जागी ते वरखाली होतात, त्यामुळे मागच्या बाजूला तीच नक्षी उलट्या रंगात दिसते. छापील नकलेची पाठ फिकी असते.

दोषही वाचता येतात. लांबीत बारीक रेघ म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला आणि माग तसाच चालला. आडवी विरळ पट्टी असेल तर आडव्या धाग्याची कांडी संपलेली वेळेत कळली नाही, किंवा वीज गेली आणि पुन्हा सुरू करताना विणीचा मेळ चुकला. नक्षीत ठरावीक अंतराने तीच चूक येत असेल तर जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, मागाखाली घालू नका. आधी जेकार्डचं कार्ड बघा, नक्षी त्यावरच्या भोकांवरून ठरते; एखादं भोक फाटलेलं किंवा बुजलेलं असतं. आणि गडद रंगाची चादर पहिल्यांदा वेगळीच धुवा.

पान-तंबाखू: विडी वळणाऱ्या बाईच्या घरी कारखान्यातून तेंदूचं पान, तंबाखू, दोरा येतो. पानं भिजवून ओल्या गोणपाटात ठेवायची, मग पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची. पान कोरडं राहिलं तर वळताना चिरतं, फार ओलं राहिलं तर बुरशी धरते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, मजुरी हजार विड्यांवर. तपासणीत सैल किंवा फुटकी विडी छाट म्हणून बाजूला पडते, तिची मजुरी नाही. दिलेलं पान हजाराला पुरलं नाही तर बाई पदरचे पैसे घालून बाजारातून आणते. मजुरीच्या हिशेबात हे कुणी धरत नाही!

कुंभारीकर: विडी कामगारांच्या वसाहतीचा पत्ता सांगताना नुसतं ‘विडी घरकुल’ म्हणू नका, रिक्षावाला विचारणारच, जुनं की नवीन? जुनं हैदराबाद रोडकडे, शहरातच. नवीन म्हणजे कुंभारीचं गोदूताई परुळेकर नगर, अक्कलकोट रोडने. माकपचे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारातून विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते वाटप झालं. कुंभारीतलंच रायनगर वेगळं: ३० हजार घरांची योजना, पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली.

एवढ्या लांब घर घेताना आधी विडी कारखाना किती जवळ आहे ते पाहावं. रोज माल द्यायला रिक्षा लागली की मजुरीतला वाटा तिथेच जातो.