कॅरिआकू बेटावर छपरांच्या दुरुस्तीसाठी मंडळीबरोबर जावे का?

प्रश्न – वेशीबाहेरचा

नमस्कार. मी मूळचा अहिल्यानगरचा असून टोरांटोत स्थायिक आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा देशाच्या कॅरिआकू बेटावरून आलेली काही कुटुंबे आहेत. १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह त्या बेटावर आदळले आणि तेथील ९० टक्क्यांहून अधिक इमारतींचे नुकसान झाले. या कुटुंबांच्या नातेवाइकांची घरे दुरुस्त करण्यासाठी पाळकसाहेब दहा जणांची तुकडी दोन आठवड्यांसाठी नेत आहेत आणि त्यांनी माझेही नाव घातले आहे. मी संगणकावर काम करणारा माणूस. भिंतीत सरळ खिळा ठोकला तरी घरात कौतुक होते. दहा जणांच्या विमानभाड्याचे पैसे तेथील सुतारांनाच पाठवणे अधिक योग्य ठरणार नाही का? ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

उत्तर – आढेपाखे

मी त्रिनिदादमध्ये बांधकाम क्षेत्रात आहे. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनेडातील सुमारे ९० टक्के घरांची हानी केली, त्यानंतर काही महिने मी तेथे छपरांच्या कामावर होतो. कॅरिआकूवर नदी नाही. छपरावरून पन्हळीने टाकीत उतरलेल्या पावसाच्या पाण्यावरच बहुतेक घरे चालतात. पत्रे उडाले की निवारा आणि पाणी दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे छप्पर चढवून पन्हळ अर्धवट सोडणाऱ्या तुकडीने निम्मेच काम केले असे समजावे.

वादळी वारा छप्पर वर खेचतो, आणि ही ओढ कडांना, कोपऱ्यांना व आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. म्हणून पत्र्याला खिळ्याऐवजी रबरी वॉशरचा स्क्रू हवा, कडेला स्क्रू जवळजवळ हवेत आणि प्रत्येक वासा भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने जखडलेला हवा. वळचण फार बाहेर काढू नये. ओसरीचे छप्पर वेगळे ठेवावे, म्हणजे ते उडाले तरी घराचे छप्पर सोबत नेत नाही. (श्रीवर्धनला आमच्या घराची पडवी मूळ पाख्यातूनच पुढे ओढलेली होती, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ती उचलली गेली ती अर्धे पाखे घेऊनच.)

आपल्यासाठी काम आहे, फक्त ते छायाचित्रात शोभणारे नाही. पत्र्याला भोके पाडताना पडणारा लोखंडाचा कीस रोज संध्याकाळी झाडून काढावा लागतो, कारण तो ओलाव्याने गंजून नव्या पत्र्यालाही गंज लावतो. काम सुरू होण्यापूर्वी टाकीकडे जाणारा नळ सोडवून ठेवावा, कारण रसायन मुरवलेल्या लाकडाचा भुसा पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये. सुतारकामाचे म्हणाल, तर त्या बेटावरील विंडवर्ड गावात लाकडी नावा बांधण्याची पिढीजात परंपरा आहे; लाकडाचा सांधा त्यांना शिकवायला कोणी जाऊ नये.

उत्तर – वसईवाली

मी २०१७ मध्ये चर्चच्या एका गटाबरोबर नेपाळमध्ये, सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेले होते. २०१५ च्या भूकंपानंतर तेथील सरकार घरबांधणीसाठी तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत देत असे, आणि पुढचा हप्ता अभियंत्याने बांधकाम तपासल्यावरच मिळे. आमच्या गटप्रमुखांनी घरून आणलेल्या आराखड्यावर एका आजींच्या घराच्या भिंती उभारल्या. त्यात भूकंपात भिंत एकसंध धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या नव्हत्या. गावचा गवंडी पहिल्या दिवसापासून भिंतीवर हात आडवा फिरवून दाखवत होता आणि आम्ही ती शाबासकी समजून हसत होतो. अभियंत्याने हप्ता अडवला, भिंती उतरवाव्या लागल्या, आणि आम्ही परतलो तेव्हा आजी पत्र्याच्या खोपटातच होत्या. प्रार्थना आम्ही आमच्या तंबूतच ठेवली होती, एवढे एक मात्र नीट केले.

म्हणून माझे मत असे की, जावे, पण दहा जणांनी नव्हे, आणि कामाचा मुकादम तेथलाच असावा. त्याला पूर्ण मजुरी द्यावी आणि त्याने थांबा म्हटले की थांबावे.

पुन्हा प्रश्नकर्ता – वेशीबाहेरचा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. ही उत्तरे मी काल पाळकसाहेबांना वाचून दाखवली. चार जण जातील आणि उरलेल्या सहा जणांचे भाडे तेथील दोन सुतारांच्या मजुरीला व स्क्रू-पट्ट्यांना द्यावे, असे ठरले. वगळलेल्यांपैकी दोघे थोडे नाराज आहेत. पन्हळी, नळ आणि कीस माझ्याकडे आला आहे. आढेपाखे यांना एकच विचारायचे आहे: कीस झाडायला साधा केरसुणीसारखा झाडू पुरतो, की चुंबक सोबत न्यावा?

उत्तर – आढेपाखे

मऊ झाडू न्या, आणि चुंबकही न्या. पन्हळीत अडकलेला कीस झाडूने निघत नाही.