विरोधी खासदाराने संसदेत आधी काय मांडावं: मतदारसंघ की देश?

सह्यकडा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त मतदारसंघांनी आपला माणूस विरोधी बाकांवर पाठवला. तो संविधान, तपास यंत्रणा, निवडणूक आयोग यांवर बोलला की गावात विचारतात, "आमच्या रस्त्याचं काय?" आणि रस्ता, बिबट्या, रेल्वेचा थांबा यांवर बोलला की शहरातले लोक म्हणतात, "एवढं सांगायला दिल्लीला पाठवला का?"

माझं मत असं की ही वाटणीच चुकीची आहे. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. अधिसूचना दिल्लीत निघाली आणि भाव पडले लासलगावात. हा प्रश्न निफाड तालुक्याचा की देशाच्या व्यापार धोरणाचा? खासदाराने तो दोन्ही अंगांनी मांडायला हवा. नुसतं "माझ्या शेतकऱ्याला न्याय द्या" म्हणून भागत नाही. कोणत्या आकड्यांवर बंदी घातली, ग्राहक खात्याचं ऐकलं तर कृषी खात्याचं का नाही, हे मंत्र्याला विचारता आलं पाहिजे. सत्ताधारी खासदार हे मंत्र्याच्या दालनात जाऊन विचारू शकतो. विरोधकाकडे सभागृह आहे, तेच त्याचं हत्यार.

कांदाचाळ

कांद्याचं उदाहरण दिलंत, तर त्याच अधिवेशनाचं पुढचंही सांगा. १३ डिसेंबरला लोकसभेत दोन तरुणांनी प्रेक्षक सज्जातून उडी मारली. गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधकांनी कामकाज रोखलं आणि अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले. सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे दोघंही त्यात होते. निलंबित सदस्यांचे प्रश्नसुद्धा यादीतून काढले गेले.

डिसेंबरात आमच्याकडे लाल कांदा असतो. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) ठेवता येत नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडतो. भाव पडलेले असताना आमच्या भागाच्या प्रश्नांवर बोलू शकणारी माणसं फलक घेऊन बाहेर पायऱ्यांवर उभी होती. संसदेची सुरक्षा महत्त्वाची आहे, मान्य. पण ती बघायला सरकार आहे, पोलीस आहेत. आमच्या कांद्यासाठी दुसरं कोण होतं? मतदारसंघ आधी. देशावर बोलायला पक्षाचे नेते आहेत.

तारांकित

कांदाचाळ, तुमचा राग समजतो, पण संसदेच्या कामाची पद्धत एकदा बघा. लोकसभेत प्रश्न विचारायचा तर किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. बंदी आली ८ तारखेला, अधिवेशन संपलं २१ ला. त्यामुळे बंदीवर नेहमीचा तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा) किंवा अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न त्या अधिवेशनात येणं शक्यच नव्हतं, खासदार निलंबित असो वा नसो. उरतं काय? शून्य प्रहर (प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे मुद्दे मांडायची वेळ), लक्षवेधी (मंत्र्याकडून निवेदन मागणारी सूचना), स्थगन प्रस्ताव (ठरलेलं काम थांबवून चर्चा) आणि नियम ३७७ खालचं निवेदन (इतर नियमांत न बसणारा मुद्दा). शून्य प्रहरात मांडलेल्या मुद्द्याला उत्तर देण्याचं मंत्र्यावर बंधन नाही. ३७७ चं निवेदन २५० शब्दांत बसवायचं, उत्तर मागाहून पत्राने येतं. स्थगन प्रस्ताव घ्यायचा की नाही हे अध्यक्ष ठरवतात.

म्हणजे निर्णय तातडीचा असला की विरोधी खासदाराच्या हाती जवळजवळ काही नसतं. अशा वेळी "सरकारने सभागृहाला उत्तर दिलंच पाहिजे" हा आग्रह कांद्याच्याही उपयोगाचा आहे. सुरक्षेवर निवेदन न करता सरकारचं भागलं, तर निर्यातबंदीवरही न बोलता भागेल.

कांदाचाळ

आग्रह धरा ना, पण आत बसून धरा. शून्य प्रहरात मंत्री उत्तर देत नसेल, तरी बोललेलं कामकाजाच्या नोंदीत तरी राहतं. निलंबित झाल्यावर तेही गेलं. शिवाय त्याच आठवड्यात भारतीय न्याय संहिता आणि बाकीची दोन फौजदारी विधेयकं लोकसभेत मंजूर झाली, तेव्हा विरोधी बाकं बहुतेक रिकामी होती. म्हणजे तुमचं ते राष्ट्रीय कामही झालं नाहीच.

राजापूरची गंगा

यावर कोकणातून बोलते. आमच्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून मधू दंडवते असे विरोधी विचाराचे खासदार सलग निवडून दिले. नाथ पैंनी कोकण रेल्वेची मागणी लावून धरली. त्याच काळात, १९६७ मध्ये संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात दिल्यावर, मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी (मंत्री नसलेल्या खासदाराचं) विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर त्यावर वाद झाला. त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही, पण त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी, १९७१ मध्ये, सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली ती याच मुद्द्यावर. त्या विधेयकाशी सहमत असा वा नसा, विरोधी बाकावरचा एक माणूस सगळ्या संसदेला त्या प्रश्नावर विचार करायला लावू शकला.

दिल्लीत त्यांचं वजन होतं ते अशा कामामुळे. आणि वजन असलेला माणूस रेल्वे मागतो तेव्हा मंत्री मान वर करून ऐकतो. फक्त आपल्या गावचंच बोलणाऱ्याचं बोलणं तिथे फार कुणी ऐकत नाही.

घाटमाथा

असहमत. कोकण रेल्वेचं उदाहरण उलट बाजूने बोलतं. नाथ पैंनी मागितली, दंडवत्यांनी मागितली, वर्षानुवर्षं मागितली. महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये, म्हणजे विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना. संपूर्ण मार्ग खुला झाला १९९८ मध्ये. भाषणांनी रेल्वे आली नाही, तिजोरीची किल्ली हातात आल्यावर आली. मग मतदाराने विरोधी खासदार का पाठवावा, याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटी. त्यात सभामंडपं आणि पाणंद रस्ते होतात, रेल्वे होत नाही.

कांद्याचंही तसंच. बंदी उठली ४ मे २०२४ ला आणि नाशिकच्या कांदा पट्ट्यातल्या दिंडोरीत मतदान होतं २० मे रोजी. सरकार भाषणाला घाबरलं नाही, मताला घाबरलं असं मी म्हणेन. तरी ४० टक्के निर्यात शुल्क ठेवलंच, आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार तिथे हरल्या.

राजापूरची गंगा

घाटमाथा, किल्ली हातात आली तेव्हा काय उघडायचं हे माहीत असलेला माणूस तिथे होता, ते कशामुळे? विरोधात घालवलेल्या वर्षांमुळेच. मागणी जिवंत राहिली नसती, तर १९९० मध्ये मंत्र्यांच्या टेबलावर दुसऱ्याच कुठल्या मार्गाची फाइल असती. आणि मताची भीती म्हणता, ती तयार कोण करतं? निलंबनानंतर कोल्हे आणि सुळे यांनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. सभागृहात दार बंद झालं म्हणून तोच प्रश्न रस्त्यावर नेला. मला तर हे खासदाराचंच काम वाटतं.

सह्यकडा

मुद्दा भाषणावर अडकला आहे, आणि मला खरी चिंता वाटते ती त्याचीच. अडीच मिनिटांची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरते, आपण "काय सुनावलं!" म्हणतो आणि विसरतो. पाठपुरावा कुणी बघत नाही.

लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. मंत्र्याने उत्तरात "विचाराधीन आहे" किंवा "माहिती गोळा केली जात आहे" असं म्हटलं, की ते आश्वासन धरलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याची नोंद ठेवते आणि ते तीन महिन्यांत पुरं होणं अपेक्षित असतं. हे विरोधी खासदाराला पूर्णपणे खुलं आहे, त्याला सत्तेची किल्ली लागत नाही. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेचंच घ्या. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून जुना मार्ग सोडल्याचं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. संसदेत विचारलं की असं उत्तर नोंदीत येतं. आता पुढचे प्रश्न विचारायला हवेत. दुर्बिणीला वळसा घालून मार्ग नारायणगावाजवळून नेता येतो का, याचा अभ्यास झाला का? अहवाल कुठे आहे? दर अधिवेशनात तोच धागा पकडून एक पाऊल पुढे.

घाटमाथा

अहवाल मिळेल, रेल्वे मिळणार नाही. माझं मत बदललेलं नाही.

तारांकित

अहवाल मिळाला तर न्यायालयात जाता येतं, ग्रामसभेत ठराव करता येतो, राज्य सरकारला जाब विचारता येतो. शेजारच्या तालुक्याला मार्ग गेला तर का गेला हे लोकांना कळतं. कागद हातात असणं आणि नसणं यात फार फरक आहे. मी भूसंपादनाच्या कामात हे रोज बघतो.

आणखी एक. एकेका खात्याच्या कामावर नजर ठेवणाऱ्या संसदेच्या स्थायी समित्यांबद्दल इथे कुणी बोललंच नाही. प्रत्येक समितीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. खात्याच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे खात्याने खर्चासाठी मागितलेले पैसे) तिथे तपासल्या जातात, सचिवांना बोलावून प्रश्न विचारले जातात. बैठका बंद दाराआड होतात म्हणून चित्रफीत निघत नाही. कृषी समितीवर असलेला विरोधी खासदार तिथे किती वेळा हजर होता, हे मला त्याच्या भाषणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कांदाचाळ

हे पटतं, पण माझी मूळ तक्रार कायम आहे. म्हणून एवढंच मागतो. प्रत्येक अधिवेशन संपलं की खासदाराने तालुक्याच्या ठिकाणी यावं. बाजार समितीच्या आवारात उभं राहून वाचून दाखवावं: कोणते प्रश्न लावले, काय उत्तरं आली, कोणतं आश्वासन तीन महिने उलटून गेले तरी थकलं आहे. देशाच्या मुद्द्यावर निलंबन ओढवून घेतलं असेल, तर त्यामुळे आमचे कोणते प्रश्न यादीतून गेले आणि ते पुन्हा कधी लावणार, हेही त्याच यादीत असावं.