पिकलं म्हणजे ताटात पोचलं असं नाही

एकांनी लिहिलंय की उत्पादन वाढवलं की भुकेचा प्रश्न आपोआप सुटतो. मला नाही पटत. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे जाऊन बघा, भाजीचे ढीगच्या ढीग, आणि तिथून थोड्याच अंतरावर बांधकामाच्या साइटवर मजुरांची पोरं दोन्ही वेळ भात आणि चटणी खातात. माल आहे, पण घ्यायला पैसे नाहीत.

रेशनचंच घ्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्यांना म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांना घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. कार्ड गावचं असलं तरी पुण्यातल्या रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य उचलता येतं, थोडं इथे आणि उरलेलं गावी म्हाताऱ्यांना असंही जमतं, पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे माहीतच नव्हतं, बीडचं कार्ड पेटीत ठेवून त्या दोन वर्षं किराणा दुकानातून गहू विकत घेत होत्या!! फार वाईट वाटलं. मग मी बरोबर गेले, पहिल्या दुकानात बाहेरचं कार्ड चालत नाही म्हणाले, दुसरीकडे मिळालं. कोणी असं अडवलं तर १९६७ या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करा, खरंच करा.

आणि नुसत्या गहू-तांदळाने अंगी लागत नाही हो. त्याच कायद्यात ज्वारी-बाजरीसारखं भरडधान्यही आहे. बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी रेशनवरच्या परदेशी मिलोच्या (लाल ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्या, मग आज आपल्याच सोलापूर-नगरची ज्वारी रेशनवर दर महिन्याला का मिळू नये?