शकुंतलेचे रूळ श्रमदानाने सुरू होतील? एका पोस्टला उत्तर

बर्मिंगहॅमचा वऱ्हाडी

गेल्या आठवड्यात 'रूळवेडा' यांनी लिहिलं होतं, की वेल्समध्ये हौशी लोकांनी बंद पडलेली रेल्वे स्वतःच्या हातांनी उभी केली आणि आपले विदर्भातले लोक शकुंतलेसाठी, म्हणजे मूर्तिजापूरहून सुटणाऱ्या आपल्या बंद पडलेल्या नॅरोगेज (अडीच फुटी रुळांच्या) गाडीसाठी, सरकारच्या तोंडाकडे बघत बसले. रुळांवरच्या बाभळी तोडायला पन्नास पोरं, पन्नास कुऱ्हाडी, सहा रविवार, की झालं काम. खाली नुसत्या टाळ्या. दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही.

मी दारव्ह्याचा. चौदा वर्षं झाली बर्मिंगहॅमला. सहा वर्षांपासून सुट्टी मिळाली की वेल्समधल्या टाविनला जाऊन टॅलिलिन रेल्वेवर काम करतो, म्हणजे तुम्ही ज्या हौशी लोकांचं कौतुक केलंत त्यांच्यातलाच मी एक. म्हणून सांगतो, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत.

टॅलिलिन 'बंद पडलेली' नव्हतीच. मालक सर हेडन जोन्स १९५० मध्ये वारले, त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला बैठक झाली आणि १९५१ च्या उन्हाळ्यात स्वयंसेवकांनी गाडी चालवली. रेल्वे स्वयंसेवकांनी वाचवल्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण. रूळ इतके खिळखिळे, की ते जागेवर धरून ठेवले होते गवताने. धड चालणारं इंजिन एकच. शेजारच्या कॉरिस रेल्वेची दोन जुनी इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली आणि तीही मिळाली कारण दोन्हीकडचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एकच. हे सगळं खरं. पण कंपनी मालकाच्या पत्नीने संस्थेच्या हाती दिली होती. ज्या रुळाला हात लावायचा तो आपला आहे, हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं.

वेल्समधल्याच दुसऱ्या रेल्वेची, फेस्टिनिओगची, गाडी १९४६ मध्ये थांबली. रूळ उखडायला संसदेचा नवा कायदा लागला असता आणि तो कंपनीला परवडणारा नव्हता, म्हणून ते तिथेच झुडपांत पडून राहिले. १९५४ मध्ये अ‍ॅलन पेग्लर यांनी कंपनीचा ताबा विकत घेतला, त्यानंतर कोयते निघाले. त्या क्रमाने.

शकुंतला कुणाची? बांधली खासगी कंपनीने, चालवली रेल्वेने आणि या दोघांच्या मध्ये ती लोंबकळते आहे. तिथे कुऱ्हाड घेऊन गेलेल्या पोरावर रेल्वे हद्दीत घुसल्याचा गुन्हा दाखल झाला तर त्याचा जामीन तुम्ही भरणार का? आमच्या लोकांना आळशी म्हणू नका, एवढंच सांगायचं आहे.

रूळवेडा

आळशी हा शब्द माझा नाही. पण कागद-कागद करत दहा वर्षं गेली. २०१६ मध्ये ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटी जाहीर झाले, तेव्हा पेढे वाटले होते. पुढे काय झालं? बाभळी रुळाच्या मधोमध उगवल्यात, मांडीएवढ्या जाड. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६. मी सगळं मागत नाही. स्टेशनालगतचे दोन किलोमीटर मोकळे करा, लोकांना रूळ दिसू द्या. दिसलं की मागणी जिवंत राहते.

आणि जी रेल्वे इंग्रज कंपनीला रॉयल्टी देत आली तिच्या कायद्याचा मान मी का ठेवू?

बर्मिंगहॅमचा वऱ्हाडी

हे इंग्रज कंपनीचं पालुपद एकदाचं थांबवा. शकुंतलेमागची किलिक निक्सन ही मुंबईत बस्तान असलेली कंपनी, स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांकडे गेली. लंडनला पैसे जातात म्हणून रक्त उसळवायचं आणि खरा प्रश्न, म्हणजे मालकी निकाली का निघत नाही, तो विचारायचाच नाही. याच गोष्टीने आपली बाजू कमजोर होते.

गँगमनचा पोरगा

दोघंही शिकलेले दिसता. आता माझं ऐका.

माझे वडील याच लाइनवर गँगमन होते, नंतर कीमॅन. रोज पहाटे खांद्यावर हातोडा, हातात लाल-हिरवी झेंडी आणि पायी सहा किलोमीटर. रूळ घट्ट धरणारी चावी सैल दिसली की ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा, फिशप्लेटचा बोल्ट आवळायचा, पुढं जायचं. पावसाळ्यात आमची काळी माती फुगते, खडी गिळते, रूळ वाकडा होतो. आज सरळ केलेला रूळ आठ दिवसांत पुन्हा वाकडा. वैशाखात रूळ इतका तापे की हात टेकवत नव्हता. त्यांचे गुडघे चाळिशीतच गेले.

आता शहरातली माणसं टोपी घालून येणार, दोन तास पहार मारणार, फोटो काढणार आणि त्याला श्रमदान म्हणणार. ज्याचं पोट त्या श्रमावर होतं त्याला कुणी विचारलं का? तुम्हाला खरंच लाइन हवी असेल तर गँग भरा, पगार द्या, पेन्शन द्या. फुकट हात मिळतात म्हटल्यावर सरकार कायमची माणसं कशाला नेमेल?

बर्मिंगहॅमचा वऱ्हाडी

भाऊ, वडिलांच्या श्रमाचं मान्य. फोटोचं नाही.

मी पहिल्यांदा स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ओंडका, बदलला तो दिवस सांगतो. आधी खडी उपसायची, मग स्क्रू सोडवायचे. गंजलेला स्क्रू अर्धा तास खातो. कुजलेला स्लीपर बाहेर ओढायचा, त्याचे तुकडे हातात येतात. नवा सरकवायचा, खाली खडी ठासायची, गेज मोजायचं. चौघांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकरा स्लीपर बदलले. त्या रात्री मला चमचा धरवेना. तिथल्या कुणीही फोटोपुरती पहार धरलेली मी पाहिली नाही. फेस्टिनिओगवाल्यांची तर जुनी लाइन जलाशयात बुडाली, म्हणून १९६५ पासून १९७८ पर्यंत डोंगरातून नवी वाट काढली, बरीचशी हातांनी. गाडी शेवटच्या स्टेशनाला, ब्लायनाऊला पोचायला १९८२ उजाडलं. हा वेळ घालवायचा खेळ नाही. तुमच्या वडिलांचं काम आम्ही हलकं समजत नाही, उलट त्यामुळेच ते आम्हाला कळलं.

लातूरकर

मुळात नॅरोगेज हवंच कशाला? तुम्हा लोकांना शिट्टी आणि धूर हवा, आम्हाला गाडी हवी. आमच्याकडच्या बार्शी लाइट या नॅरोगेज लाइनचंही असंच कौतुक चालायचं, १८९७ ची, कालथ्रॉप साहेबाची म्हणून. बरं झालं ती उखडली. मिरज-लातूर ब्रॉडगेज होतं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये पाण्याची गाडी आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आई कळशी घेऊन पहाटे तीनला रांगेत उभी राहायची, ते मी पाहिलंय. अडीच फुटी गाडीने ते पाणी आणून दाखवा.

निलंगा कोरडवाहू

पाण्याच्या गाडीचा अभिमान कसला बाळगता? ती वेळ आली कशी ते बोला. मांजरा धरण कोरडं पडलं ते फक्त पावसामुळे? आमच्या जिल्ह्यात उसाला पाणी गेलं, आमच्या तुरी-सोयाबीनला टँकरसुद्धा मिळाला नाही.

लातूरकर

आला ऊस! माझे काका ऊस लावतात. कर्ज आहे डोक्यावर. दुसऱ्या कुठल्या पिकाला ठरलेला भाव आहे सांगा, उद्या मोडतो म्हणतील.

निलंगा कोरडवाहू

भाव नाही म्हणून शेजाऱ्याची विहीर आटवायची? माझ्या बापाने २०१५ च्या दिवाळीत बैलजोडी विकली. चारा नव्हता. त्याच वेळी दोन शेतांपलीकडे उसात मोटर रात्रभर चालू असायची, आवाज आम्हाला अंथरुणात ऐकू यायचा.

लातूरकर

तुमच्या वडिलांचं वाईट वाटतं, मनापासून. पण त्या मोटरचा हिशोब माझ्या काकाच्या नावावर लिहू नका. ठिबक केलंय त्यांनी, अनुदानाची वाट न बघता.

निलंगा कोरडवाहू

ठिबक केलं असेल तर मानतो. सगळ्यांनी केलेलं नाही, हेही तुम्ही माना.

सूर्जीची लेक

उसाचं नंतर भांडा. मी अंजनगावची, माझ्यासाठी हा गेजचा प्रश्न नाही.

माझी आत्या विड्याच्या पानांचे डालगे घेऊन याच गाडीने जायची. ओलं फडकं टाकलेलं डालगं सीटखाली सरकवायची, गार्ड ओळखीचा. गाडी इतकी हळू की तहान लागली तर माणूस उतरून पाणी पिऊन पुन्हा चढे, पण तिकीट तिला परवडायचं. गाडी थांबल्यावर तिने दोन महिने एसटीने नेऊन पाहिलं. डालग्याचं वेगळं भाडं, वर टपावर पानं सुकायची. मग तिने धंदा सोडला. बाभूळ तोडा नाहीतर ठेवा, तिला गाडी कोण देणार? वेल्सची गाडी पर्यटकांची आहे. आमची बाजाराची होती.

बर्मिंगहॅमचा वऱ्हाडी

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. टॅलिलिनवर आज बाजाराला जाणारं कुणी बसत नाही, हे खरंय. पाटीच्या दगडाची वाहतूक केव्हाच संपली, तिकीट काढतात ते सुट्टीवर आलेले लोक. तुमच्या आत्यासाठी ब्रॉडगेजच लागेल. वर्धा-कळंब तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, पण तो अंजनगावच्या काय कामाचा.

रूळवेडा

ठीक आहे. कुऱ्हाडीचं मागे घेतो. पण घरी बसणार नाही. रुळाला हात न लावता काय करता येईल तेवढं सांगा.

बर्मिंगहॅमचा वऱ्हाडी

रुळाखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या आणि पूल. कुठली मोरी शाबूत, कुठे भराव वाहून गेला, कुठे अतिक्रमण झालं, याची जाहीर रस्त्यावरून आणि फाटकांवरून दिसेल तेवढी नोंद करा, फोटोसकट. मालकीचा निकाल कधीही लागो, ब्रॉडगेज होवो की वारसा गाडी, पहिला प्रश्न हाच येईल की वाट शिल्लक आहे का. टाविनला मीही पहिली दोन वर्षं जास्त करून नाले साफ केलेत.

गँगमनचा पोरगा

नोंदीला माझी हरकत नाही. श्रमदान म्हणू नका, एवढंच.

वडिलांना आत्ता हे वाचून दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, काल काय जेवले ते आठवत नाही. पण कारंजा ते दारव्हा मोऱ्या ओळीने सांगितल्या, कुठली दगडी, कुठली पाइपाची, कुठे दर आषाढात पाणी रुळावर येई ते सगळं. मी अर्ध्याच लिहून घेऊ शकलो. रविवारी सकाळी दारव्ह्याला या, वही घेऊन. दुपारनंतर त्यांना झोप लागते.