वजन वाढलं म्हणून जवानाची सुट्टी कापायची?

साताराकर (धागाकर्ता):
२०२४ च्या सुरुवातीला लष्कराच्या नव्या फिटनेस धोरणाच्या बातम्या आल्या होत्या. वजन जास्त भरलं तर सुधारायला ३० दिवस, नाहीच जमलं तर सुट्टीला कात्री. आमच्या घरातले दोघे फौजेत आहेत, मला हे अजिबात पटत नाही. धाकाने काट्यावरचा आकडा उतरतो, हार्टचा धोका जिथल्या तिथे राहतो. मेडिकल जवळ आलं की रात्रीचं जेवण बंद, भर उन्हात जॅकेट घालून पळायचं, टेप लावताना पोट आत ओढायचं. एकदा का शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा मेडिकल शेरा मिळाला, की त्याच संध्याकाळी रम आणि मटण!

माजी_हवालदार:
साहेब, बीपीईटीमध्ये, म्हणजे लष्कराच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत ५ किमी पळायचं असतं, ते ट्रॅकसूट घालून नाही. रायफल आणि पिट्ठू (पाठीवरची सामानाची पिशवी) घेऊन. ढेरी सुटलेला गडी मागे पडला की त्याचं ओझं सेक्शनमधल्या दुसऱ्या कोणीतरी उचलायचं. सुट्टी कापली तर बोंब, आणि डोंगरात त्याला खाली आणायला चार माणसं अडकली तर? धाक पाहिजेच. आमच्या वेळी उस्तादाची एक शिवी पुरायची, हा भाग वेगळा.

डॉ_कोथरूड:
दोघेही पळण्यावर अडकलात. १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष छापून आले. सरासरी वय २२, तरी ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाची सुरुवात दिसली. ही काही ढेरपोटी मंडळी नव्हती. आपल्याकडे तर दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांच्या मानाने सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो. वजन बेताचं आणि चरबी सगळी पोटावर, हा आपला नमुना. म्हणून पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं, काटा काहीही म्हणो.

नाशिकचा_इंजिनीअर:
मॅडम, कोरियाचं सांगितलंत, तर २०१२ चंही सांगा की! इराक-अफगाणिस्तानात मेलेल्या अमेरिकन सैनिकांत हेच प्रमाण ८.५ टक्के निघालं. म्हणजे शिस्तीचा उपयोग झालाच ना?

डॉ_कोथरूड:
शिस्तीचा कसला? सिगारेट कमी झाली, बीपी-कोलेस्टेरॉलवर उपचार आले. शिवाय दोन्ही वेळची तपासणीची पद्धत एकसारखी नव्हती, त्यामुळे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. आणि त्याच २०१२ च्या अभ्यासात लठ्ठपणा, बीपी, कोलेस्टेरॉलची नोंद असलेल्यांत रोग जास्त सापडला. तेवढ्यापुरती मी हवालदारसाहेबांच्या बाजूने.

फौजीची_बायको:
तुम्ही सगळे जाडीवर बोलताय, मी लपवाछपवीवर बोलते. आमच्याकडे बीपीची गोळी बाहेरच्या मेडिकल स्टोअरमधून येते, युनिटच्या डॉक्टरला पत्ता नाही. का? तर लो मेडिकल, म्हणजे तब्येतीची कॅटेगरी खाली आली की प्रमोशन अडकायची भीती. आता वजनाचीही भर. पीस पोस्टिंगला (सीमेपासून दूर, शांत ठिकाणी नेमणूक) ऑफिसात दिवसभर खुर्ची, सकाळी लंगरची, म्हणजे युनिटच्या स्वयंपाकघरातली पुरी-भाजी, रात्री ड्युटीमुळे झोपेचं खोबरं. आधी पुरी बंद करा, मग सुट्टी कापा.

माजी_हवालदार:
वहिनी, गोळी लपवणं चूकच, फायरिंग रेंजवर चक्कर आली तर जीव जाईल. पण पुरी कोणी जबरदस्तीने तोंडात कोंबत नाही. चपाती पण असते लंगरमध्ये.

साताराकर:
वहिनींचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणूस स्वतःहून बीपी दाखवायला आला, तर पहिलं वर्षभर कॅटेगरीला हात लावू नका. उपचार करा, आहार सांगा, दर तिमाहीला कंबर मोजा. वर्षाने फरक नसेल तर खुशाल डाउनग्रेड करा.

माजी_हवालदार:
वर्षभर सूट? तेवढ्यात प्रमोशनचं बोर्ड होऊन जाईल. मग ज्याने पहाटे उठून पळून वजन राखलं, त्याला काय सांगायचं?