लिनक्स वितरण निवडताना आधी काय पाहावे: नवेपणा की स्थैर्य?

मूळ मत
कोणते लिनक्स वितरण (लिनक्स आणि सोबतचे सॉफ्टवेअर एकत्र देणारा संच) घ्यावे, हा प्रश्न बहुतेक वेळा डेस्कटॉपच्या रूपावरून सोडवला जातो, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. ग्नोम असो वा केडीई, हे डेस्कटॉप जवळपास कोणत्याही वितरणावर बसवता येतात. खरा फरक आहे तो पॅकेजेस (वितरणातून मिळणारे सॉफ्टवेअर) किती वेगाने बदलतात आणि त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या किती काळ मिळतात यात. डेबियन या वितरणाची स्थिर आवृत्ती साधारण २ वर्षांनी येते आणि दीर्घकालीन साहाय्य धरून तिला ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात. फेडोराची आवृत्ती ६ महिन्यांनी येते आणि सुमारे १३ महिन्यांत तिचे आयुष्य संपते. ज्याला लेखन, हिशेब आणि ब्राउझर एवढेच हवे आहे, त्याने दरवर्षी आवृत्ती बदलण्याचा व्याप कशासाठी करावा? त्याने डेबियन किंवा मिंट घ्यावे. सर्व्हरबाबत तर मला वादाला जागाच दिसत नाही.

प्रतिसाद १ (असहमत)
डेबियनच्या परिभाषेत ‘स्थिर’ म्हणजे न बदलणारे, दोषरहित नव्हे. सुरक्षेशी संबंध नसलेला एखादा किरकोळ दोष मूळ प्रकल्पाने केव्हाच दुरुस्त केलेला असला, तरी तो स्थिर आवृत्तीत पुढच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहू शकतो. शिवाय नुकत्याच बाजारात आलेल्या लॅपटॉपचे ग्राफिक्स किंवा वाय-फाय चालायला नवा कर्नेल (लिनक्सचा गाभा) आणि नवे फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) लागते. अशा यंत्रावर सतत नवी पॅकेजेस देणारे आर्च किंवा टंबलवीड हाच शहाणपणा. टंबलवीडमध्ये तर बीटीआरएफएस या फाइल-प्रणालीत जपलेल्या आधीच्या स्थितीच्या स्नॅपशॉटमुळे बिघडलेले अपडेट मागेही घेता येते.

मूळ लेखक
कर्नेलचा मुद्दा मान्य आहे, पण त्यासाठी बॅकपोर्ट्स (स्थिर आवृत्तीसाठी तयार केलेली नवी पॅकेजेस) आहेत आणि नव्या अ‍ॅपसाठी फ्लॅटपॅक (वितरणापासून स्वतंत्रपणे अॅप बसवण्याची पद्धत) आहे. शिवाय मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा संकुचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेले चोरदार (बॅकडोअर) उघडकीस आले, तेव्हा ते डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखांपर्यंत (जिथे नवी पॅकेजेस आधी येतात) पोहोचले होते. स्थिर शाखा त्यातून सुटली.

प्रतिसाद १
सुटली, कारण लॉगिनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा एकाने छडा लावला. तो लागला नसता, तर तेच पॅकेज यथावकाश स्थिर शाखेतही उतरले असते, आणि मग वर्षानुवर्षे तिथेच राहिले असते. आर्चमध्ये ती आवृत्ती पोहोचली होती खरी. पण तिथले ओपनएसएसएच (दुरून लॉगिन करण्याचे सॉफ्टवेअर) एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडलेलेच नसल्याने हल्ल्याचा तो मार्ग बंद होता. तेव्हा हे उदाहरण तुमच्या बाजूने फारसे बोलत नाही.

प्रतिसाद २
सर्व्हरबाबत वाद नाही, हे मला पटत नाही. सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस ८ या वितरणाला २०२९ पर्यंत साहाय्य मिळेल असे गृहीत धरून अनेकांनी यंत्रणा उभ्या केल्या. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ते २०२१ अखेरीसच थांबेल. मग त्याच्या जागी रॉकी आणि अल्मा ही वितरणे आली, पण स्थलांतराचे काम कोणाला चुकले नाही. म्हणून साहाय्याची मुदत वाचताना ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही पाहावे लागते.

मूळ लेखक
हा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि तो असायला हवा होता. लॅपटॉपबाबत मात्र माझे मत अजूनही तेच आहे: यंत्र वर्षभर जुने असेल, तर डेबियनच.