मदत हवी आहे: भयपट कोळून प्यायलेल्यांना भरदुपारी घाबरवायचं कसं?

मंडळी, आम्ही काही मित्र रावेर तालुक्यात छोटा भयपट करतोय. भूत रात्रीचं नाही. मे महिन्यातली दुपार आणि केळीची बाग.

आपल्याकडच्यांना सांगायला नको, बाहेर ४४ अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि बागेत शिरलं की एकदम अंधारून येतं. पाच-पाच फुटांवर लागवड, त्यामुळे कुठेही वळा, सारख्याच रांगा. वाऱ्याने चिरलेली पानं एकमेकांना घासली की मागून कुणीतरी चालत येतंय असं वाटतं.

अडचण प्रेक्षकांची आहे. शांतता झाली की ते 'आता येणार' म्हणतात. फ्रेमची एक बाजू रिकामी दिसली की तिकडेच डोळे लावून बसतात. अचानक मोठा आवाज केला तर दचकतील, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रियाच आहे, पण लगेच हसतीलही. मला ते नकोय. दुसऱ्या दिवशी मोटार चालू करायला बागेत जाताना त्यांचे पाय जड व्हायला हवेत.

'द इनोसन्ट्स' (१९६१) मध्ये तळ्यापलीकडे लव्हाळ्यात दिवसाढवळ्या एक बाई उभी असते. काही करत नाही, नुसती उभी. जपानी 'कैरो' (२००१) मध्ये भूत सावकाश चालत येतं आणि मध्येच त्याचा तोल जातो. तिथे माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता. अंगावर धावून येणारं भूत सगळ्यांनी पाहिलंय. हे असं अडखळणारं कुणाच्या हिशेबातच नसतं.

आता विचारायचं ते असं. रांगेच्या टोकाला एक माणूस पाठमोरा उभा ठेवायचाय. आमच्या पात्राला तो दिसतच नाही, प्रेक्षकाने स्वतः शोधायचा. असा शॉट किती वेळ धरावा? शिवाय पानं हलत राहतील पण सळसळ कमी कमी होत जाईल, इतकी हळू की कुणाच्या लक्षात येऊ नये, असं करायचंय. कुणी साउंडचं काम केलं असेल तर प्लीज सांगा, हे मोबाईलच्या स्पीकरवर पोचेल का, की हेडफोन लावायला सांगावं लागेल?

एका मित्राचा हट्ट आहे की शेवटी बागेत पूर्वी कोण मेलं ते दाखवायचंच. माझा ठाम विरोध आहे. कारण कळलं की तोडगाही सुचतो, मग भीती कसली? 'लपाछपी'मुळे (२०१७) उसाच्या शेताशी तुलना होणार, तेव्हा वेगळं काय करता येईल तेही सुचवा. कॅमेरा मोबाईलचाच आहे, ग्राफिक्स परवडणार नाही.